एका सिहोऱ्याची दोन हवामाने

भंडारा जिल्ह्यात वर्षाला किती पाऊस पडतो, असे कोणी विचारले तर १,२०० ते १,३०० मिलिमीटर असे उत्तर द्यावे लागते. हा आकडा ऐकला की मराठवाड्यातले आणि नगर-सोलापूरकडचे पाहुणे आमच्याकडे जरा हेव्याने पाहतात. त्यांना पाचशे-सहाशे मिलिमीटरमध्ये वर्ष काढायचे असते. लंडन हे शहर पावसासाठी जगभर बदनाम आहे, पण तिथेही वर्षाला सहाशेच्या आसपासच पाऊस पडतो. म्हणजे तुमसर तालुक्यातले आमचे सिहोरा लंडनच्या दुपटीने भिजते. एका बाजूला बावनथडी, दुसऱ्या बाजूला वैनगंगा आणि हाकेच्या अंतरावर चांदपूरचा जलाशय असलेल्या या गावाला पाण्याची काय ददात, असे कोणालाही वाटेल.

आणि तरीही याच पंचक्रोशीत लोंबीवर आलेला धान पाण्यावाचून पांढरा पडलेला मी पाहिला आहे. माझी उमर या भागात भूगोल शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर घरच्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक लावले आणि रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहायची सवय लागली. ती वही पाहून एका शेतकरी काकाजींनी मला ऐकवले होते, "गुर्जी, तुमचा पाणी वहीत पडला, आमच्या बांदीत नाही पडला." आमच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात, आणि तो 'पडला' असतो. व्याकरणाचे सोडा, पण त्यांच्या बोलण्यात जो प्रश्न होता तोच या लेखाचा विषय आहे. एवढा पाऊस पडूनही धान का वाळतो?

माझ्या मते याचे उत्तर असे की सिहोऱ्याला एक हवामान नाही, दोन आहेत. वर्षातले चार महिने हा पाणथळ मुलूख असतो आणि सात महिने जवळजवळ वाळवंट. उरलेला ऑक्टोबर हा या दोहोंमधला दरवाजा. शेतकऱ्याचे वर्ष बहुतेक वेळा या दरवाजातच अडकते.

वाळवंटाचा हिशेब

वाळवंट हा शब्द मी गंमत म्हणून वापरत नाही. वर्षाच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातला बराच मोठा वाटा एकट्या जुलै-ऑगस्टचा. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच त्या दिवसाला 'पावसाचा दिवस' म्हणते. असे दिवस आमच्याकडे वर्षाकाठी साठाच्या आगेमागे भरतात. उरलेले तीनशे दिवस कोरडे. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत मिळून आभाळातून जे पडते ते शंभर मिलिमीटरच्या आसपास असते. जैसलमेरला वर्षभरात दोनशेच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या कोरड्या सात महिन्यांची जात कळते.

पण नुसता पाऊस मोजून कोरडेपणा कळत नाही. हवा किती पाणी मागते, तेही पाहावे लागते. व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाने १८८४ साली जगाच्या हवामानाची जी वर्गवारी मांडली आणि पुढे आयुष्यभर सुधारत नेली, तिचे मर्म हेच आहे. तिच्यातला एक नियम शाळकरी पोरालाही सोडवता येईल असा आहे. गावाचे वार्षिक सरासरी तापमान घ्या, त्याला २० ने गुणा. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, पडत असेल तर त्यात २८० मिळवा. जे उत्तर येईल त्यापेक्षा वर्षाचा पाऊस कमी असेल तर तो प्रदेश निमकोरडा, आणि त्याच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट. आमच्या भागाचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास धरले तर ५४० अधिक २८०, म्हणजे ८२० मिलिमीटर ही रेघ येते. सरासरी साडेबाराशेचा पाऊस या रेघेच्या पुष्कळ वर आहे, म्हणून नकाशावर आम्ही उष्ण कटिबंधीय सॅव्हानात मोडतो. पण तुटीच्या एखाद्या वर्षी पाऊस आठशेच्या खाली उतरला तर त्या वर्षापुरते सिहोरा कागदावर निमकोरड्या पट्ट्यात जाते. (वर्गवारी एका वर्षावरून करायची नसते, तीस वर्षांची सरासरी लागते, हे मला माहीत आहे. पण धान सरासरीवर पिकत नाही.)

हाच हिशेब पाण्याच्या भांड्यावर करून पाहू. मे महिन्यात उघड्या भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर पाणी उडून जाते. नोव्हेंबर ते मेची बेरीज हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. तलाव भांड्याइतका तापत नाही, म्हणून तिथे थोडे कमी धरायचे. तरीही या सात महिन्यांत तलावाच्या अंगावरून जवळजवळ मीटरभर खोलीचे पाणी नुसते हवेत जाते. दोन मीटर खोल बोडी असेल तर तिचे निम्मे पाणी कोणाच्याही शेताला न लागता, कोणाच्याही गुराने न पिता संपते. आकाशातून येतात शंभर आणि आकाशाला द्यावे लागतात हजार.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण हिवाळा आमच्याकडे फारसा कोणाला त्रास देत नाही. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो कोस दूर आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. उत्तरेकडून थंड वारे सुटले की पूर्व विदर्भ एकदम गारठतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. अशा वेळी उन्हाळी धानाचे पऱ्हे पिवळे पडू लागतात. मग संध्याकाळी त्यांना विहिरीचे कोमट पाणी द्यायचे आणि सकाळी ते गार झालेले पाणी काढून टाकायचे, अशी कसरत चालते. कन्हार जमिनीत ओलावा टिकतो, तिथे गहू-हरभरा येतो. उभ्या धानात फोकलेली लाखोळी धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाढते. ही पिके जानेवारी-फेब्रुवारीत भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या हवाली असतात. त्यांची हवा आणि बंगालच्या उपसागराची ओल मध्य भारतात एकत्र आली की गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. मार्चमध्ये मोहफूल गळू लागते तेव्हाही आभाळ भरून आलेले कोणाला नको असते, कारण भिजलेले मोहफूल काळे पडते आणि भाव जातो.

कूलर काय सांगतो

आमच्या भागातल्या घराघरांत हवेची ओल मोजणारे एक यंत्र असते. त्याला कोणी यंत्र म्हणत नाही, कूलर म्हणतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या जाळ्या, खाली पाणी आणि मध्ये पंखा. बाजारात त्याचे पूर्ण नाव 'डेझर्ट कूलर', म्हणजे वाळवंटी कूलर. हे नाव आमच्या एप्रिल-मेला तंतोतंत लागू पडते.

कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते हवेतून काढून घेते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त आणि गारवाही जास्त. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो त्याच्या खाली कूलर हवेला नेऊ शकत नाही. याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २३ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे बाहेर ४४ असताना कूलरसमोर झोपलेल्या माणसाला पंचवीस-सव्वीसची हवा मिळू शकते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्या दिवसांतही ज्यांच्या घरी वीज आणि पाणी दोन्ही होते, त्यांची दुपार निभली. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्यांची आणि रोजगार हमीच्या कामावरच्या लोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगावरचा घामच त्यांचा कूलर.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला, असे लोक मानतात. जूनमध्ये मग एक दिवस असा येतो की कूलर चालू असूनही घाम सुटतो. चादर चिकटते, मिठाला पाणी सुटते. तापमापक उतरलेला असतो, ४४ वरून ३६ वर आलेला असतो, पण आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेलेली असते. ओल्या फुग्याचे गणित केले तर उत्तर ३० अंश येते. मेमध्ये २३ होते, जूनमध्ये ३०. वर्तमानपत्रात 'तापमानात घट, नागरिकांना दिलासा' असा मथळा येतो आणि शरीराची अवस्था मात्र उलटी झालेली असते. हवामान खात्याच्या सूचनेची वाट न पाहता बायका कूलर पुसून कोपऱ्यात ठेवू लागल्या की समजावे, समुद्राची हवा सिहोऱ्याला पोचली.

हा मुद्दा इथेच सोडवत नाही, कारण तो पुढे रोवणीपर्यंत जातो. उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी प्रदेशात तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त आहे का, किंवा थेट ४५ ला पोचले आहे का, हे पाहतात. जुलैमध्ये ३३ अंश तापमानात लाट कशी जाहीर होणार? पण ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता यांचेही ओल्या फुग्याचे तापमान ३० च येते. त्या हवेत, गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून बाया रोवणी करतात. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. चक्कर येऊन पडलेल्या बाईची नोंद उष्माघात म्हणून होत नाही, 'अशक्तपणा' म्हणून होते. आमच्याकडचा घातक उन्हाळा मे महिन्यातच संपतो, हा समज आरोग्य खात्याने आणि आपण सगळ्यांनीच तपासून पाहावा असा आहे. त्यात विजांची भर. उघड्या बांदीत उभा माणूस हा आसपासचा सर्वांत उंच ठिपका असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची आगाऊ सूचना देते. पण ती सूचना ज्या मोबाइलवर येते तो धुऱ्यावर, डब्याच्या पिशवीत असतो.

पाणी पूर्वेकडून येते

पुण्या-मुंबईच्या माणसाला पाऊस म्हटला की अरबी समुद्र आठवतो. ती शाखा सह्याद्रीवर रिकामी होते आणि घाट उतरून मराठवाड्याकडे जाईपर्यंत कोरडी पडते. आमचा पाऊस मुख्यतः दुसऱ्या दारातून येतो. बंगालच्या उपसागराच्या वरच्या भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते ओडिशात शिरते आणि छत्तीसगड ओलांडत पश्चिम-वायव्येला सरकते. वाटेत महाराष्ट्राचे पहिले जिल्हे लागतात ते गोंदिया, भंडारा, गडचिरोली. म्हणूनच विदर्भात पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो. भंडाऱ्यात धान आणि अमरावती-अकोल्याकडे कापूस, या विभागणीच्या मुळाशी हीच वाट आहे.

याचा एक अर्थ असा की आमचा पाऊस हप्त्यांनी येतो. एक क्षेत्र आले की तीन-चार दिवस झड लागते, मग उघाड. पुढचे क्षेत्र तयार होईपर्यंत वाट पाहायची. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेला असतो. तो आपल्या जागी असेल तर हप्ते वेळेवर येतात. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की बिहारात आणि नेपाळच्या तराईत पूर येतात आणि मध्य भारतात खंड पडतो. बिहारच्या पुराची बातमी आली की इथला जाणता शेतकरी अस्वस्थ होतो.

शेतकऱ्याचे कॅलेंडर नक्षत्रांचे. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग साधारण चौदा-चौदा दिवसांनी पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त. सूर्याच्या स्थितीवर बेतलेले असल्यामुळे हे कॅलेंडर चंद्राच्या तिथींसारखे दरवर्षी मागेपुढे होत नाही, ही त्याची मोठी सोय. मात्र पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे ते ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी लागत असणार. नक्षत्रांवरच्या जुन्या म्हणी शब्दशः लावून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

मृगाच्या पाण्यावर पऱ्हे टाकायचे, तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटून चिखलणी केलेल्या बांदीत रोवायचे. धानाला नांगरणीपासून कापणीपर्यंत हजार-बाराशे मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी लागते. म्हणजे आमचा वर्षाचा पाऊस आणि धानाची गरज जवळजवळ सारखी आहे. निसर्गाने मापून दिल्यासारखी. अडचण मापाची नाही, तारखेची आहे. पऱ्हे चाळीस दिवसांचे होईपर्यंत रोवणीचे पाणी आले नाही तर पुढे कितीही पाऊस पडो, फुटवे कमीच येणार. रोवल्यावर दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर सिहार जमिनीला भेगा पडतात. आणि लोंबी बाहेर पडताना बांदी कोरडी असेल तर दाणा भरतच नाही, पळिंज राहते.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, सरासरीपेक्षा जास्त झाला आणि हंगामाची एकूण तूट बरीचशी भरून निघाली. आकडेवारीत ते वर्ष साधारणच दिसते. त्या ऑगस्टमध्ये पीक विम्याच्या संदर्भात 'एकवीस दिवसांचा खंड' हा शब्द गावोगाव ऐकू येत होता. सलग एकवीस दिवस पाऊस नसेल तर विम्याची काही रक्कम आगाऊ मिळण्याची तरतूद होती. पण अठराव्या दिवशी पर्जन्यमापकात तीन मिलिमीटर पडले तर तो पावसाचा दिवस, आणि मोजणी पुन्हा एकपासून. ऑगस्टच्या उघाडीत धानाची बांदी दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी नुसते हवेला देते, झिरपते ते वेगळे. तीन मिलिमीटर संध्याकाळपर्यंतही पुरत नाहीत. शिवाय मोजणी महसूल मंडळाच्या केंद्रावर. सिहोरा मंडळात ढग चुल्हाडला बरसतो आणि बपेऱ्याला नुसती सावली देऊन जातो. काकाजींचे ते वहीतले पाणी आणि बांदीतले पाणी, हा फरक तिथेच पडतो.

ऑगस्ट संपताना थांबलेला पाऊस

तारखेचा हा खेळ किती जीवघेणा असू शकतो, याचा दाखला आमच्या इतिहासात आहे. १८९६ साली मध्य प्रांतात पावसाळा वेळेवर सुरू झाला. जून-जुलै-ऑगस्ट बरे गेले. धान उभा होता. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस अचानक थांबला आणि पुन्हा आलाच नाही. तीन महिने पाणी पिऊन वाढलेले पीक शेवटच्या महिन्यात वाळले, आणि १८९७ साली दुष्काळ. तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९ चा पावसाळा देशभर फसला आणि आणखी मोठा दुष्काळ आला. दोन्ही एका ओळीत 'दुष्काळ' म्हणून लिहिले जातात, पण त्यांची जात वेगळी. दुसरा पाऊस न पडल्याचा होता. पहिला एका महिन्याचा होता.

या एका महिन्याची भीती आमच्या पूर्वजांना इंग्रजांच्या फार आधीपासून ठाऊक असावी, असे मी तलावांवरून म्हणतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून इथे गावोगाव तलाव बांधले गेले. दक्षिणेकडच्या भागात कोहळी समाजाने या कामात मोठे कौशल्य मिळवले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आले म्हणून ते माजी मालगुजारी, बोलीत 'मामा' तलाव. पुण्याकडच्या पाहुण्यांना वाटते की तलाव उन्हाळ्यासाठी असतात. तसे असते तर ते असे उथळ आणि पसरट बांधले नसते. मघाशी पाहिले तसे मीटरभर पाणी हवेतच जाते. हे तलाव बांधले आहेत ते ऑक्टोबरसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये भरायचे आणि उत्तरा-हस्तात पाणी दगा देऊ लागले की तुडुम उघडून धानाला शेवटची एक-दोन पाणी द्यायची. त्यानंतर राहील ते गुरांना, मासोळ्यांना, शिंगाड्याला.

हिशेब करून पाहा. बांदीत पन्नास मिलिमीटरचे एक पाणी द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर लागतात. दहा एकरांत पसरलेल्या, सरासरी दोन मीटर खोल तलावात असे पन्नास मिलिमीटरचे पाणी चारशे एकरांना पुरेल इतका साठा असतो. पाटात, जमिनीत निम्मे गेले असे धरले तरी दोनशे एकर. एका गावाचा धान वाचतो. याच तलावात अर्धा मीटर गाळ साचला तर पन्नास एकर त्यातून कमी होतात. ते पन्नास एकर बहुधा पाटाच्या शेवटच्या टोकाचे, म्हणजे ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचे असतात.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले, तिच्याबद्दल हळहळ वाटण्याचे काही कारण नाही. पण दर उन्हाळ्यात गाळ उपसण्याचे, पाळीवर माती टाकण्याचे जे काम धाकाने का होईना होत असे, ते कोणाचे, हे त्यानंतर नीट ठरले नाही. तलावाच्या पोटात शेती शिरली, येव्यावर घरे आली. गेल्या काही वर्षांत गाळ काढण्याच्या योजना येऊ लागल्या आहेत, तो गाळ शेतात टाकायलाही लोक तयार असतात. पण ज्या ओढ्यांनी तलावात पाणी यायचे ते येवे मोकळे न करता नुसता खड्डा खोल केला तर भरणार काय?

इंग्रजांनी दुष्काळानंतर १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसवला. आधी तांदळाच्या मुलखात सरकारी पाटबंधारे कशाला, पाऊस आहेच की, अशी समजूत होती. ती या दुष्काळांनी मोडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पूर्व विदर्भात रामटेक, बोदलकसा, चोरखमारा असे मोठे तलाव झाले. आमचे चांदपूरही त्याच पिढीतले. सिहोरा परिसराच्या धानाची मदार आजही त्याच्यावर आहे. चांदपूर आपल्या डोंगराच्या पाण्याने दरवर्षी पूर्ण भरतेच असे नाही, म्हणून सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून बावनथडीचे पाणी त्यात टाकले जाते. इथेही पुन्हा तारीख आली. बावनथडी वाहते पावसाळ्यात, म्हणून उपसा पावसाळ्यातच व्हायला हवा. जुलैत शेते तुडुंब असतात, तेव्हा पंप चालवण्याची निकड कोणाला वाटत नाही. निकड वाटते ती सप्टेंबरअखेर, आणि तोवर नदीचे पात्र अरुंद होऊ लागलेले असते.

पुराचाही हिशेब तारखेचाच. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहर बुडवले. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून सोडलेले पाणी आणि मधल्या मुलखातला पाऊस एकदम खाली आला. ज्या ऑगस्टअखेरीला १८९६ मध्ये पाणी थांबले होते, त्याच ऑगस्टअखेरीला २०२० मध्ये ते घरात शिरले.

हस्त आणि चित्रा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून आमच्याकडून परततो. वारा फिरतो, सकाळी बांदीवर धुके उतरते, दुपारी ऊन चटका देते. दमट हवेत दाट धानाच्या बुडाशी तुडतुडे वाढतात आणि दोन-चार दिवसांत बांदीत जळल्यासारखे गोल चट्टे दिसू लागतात. याच काळात बंगालच्या उपसागरात वादळे तयार होतात. २०१३ मध्ये फायलिन आणि २०१४ मध्ये हुदहुद, दोन्ही वादळे बरोबर १२ ऑक्टोबरलाच किनाऱ्यावर आली, एक ओडिशात आणि एक विशाखापट्टणमला. किनारा ओलांडल्यावर वादळाचे वारे विरतात, पण त्याचे पाणी छत्तीसगडमार्गे पुढे सरकत राहते. आमच्याकडे ते येते तेव्हा सूर्य चित्रा नक्षत्रात असतो आणि हलका धान कापलेला असतो.

कापलेला धान लगेच बांधत नाहीत. त्याच्या कडपा तीन-चार दिवस बांदीतच उन्हात पसरून ठेवतात, मग बांधून पुंजणे रचतात. कडपा भिजल्या तर लोंबीवरच दाण्याला कोंब फुटतो. न फुटला तरी ओल राहते, आणि सरकारी खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांच्या वर ओलावा असलेला धान घेत नाहीत.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्याकडे मंडईचे दिवस जवळ आलेले असतील आणि बांद्यांमध्ये दोन प्रकारचा धान दिसेल. हलका धान कापून पडलेला, त्याला पाण्याचा थेंबही नको. भारी धान अजून उभा, दाण्यात दूध भरत असलेला, त्याला आणखी एक पाणी हवे. दोघांच्या मध्ये फक्त एक धुरा. तलावाचे पाणी आमच्याकडे नळाने जात नाही, एका बांदीतून दुसऱ्या बांदीत उतरत जाते. त्यामुळे वरच्याने भारी धानासाठी तुडुम उघडायला लावले तर खालच्याच्या कडपा भिजतात. मग संध्याकाळी पाळीवर चार माणसे जमतात. पूर्वी आभाळाकडे पाहून बोलत, आता हातातल्या मोबाइलवर उपसागराचा नकाशा असतो. खालच्याने दोन दिवसांत कडपा उचलायच्या, तोवर वरच्याने थांबायचे, असे बहुतेक वेळा ठरते. ते दोन दिवस ऊन पडले तर दोघांचेही साधते.